टोपलीस टोपली

नवापूरच्या गोदूबाईचा वाणगावच्या बाजारात एकच रिवाज होता: टोपलीस टोपली. डोंगरातली मंगळी टोपलीभर तांदूळ आणी. गोदूबाई तीच टोपली सुक्या बोंबलांनी भरून देई. वीस वर्षं त्यात फरक पडला नाही.

एकोणऐंशी साली गावात कोळंबी न्यायला बर्फाच्या गाड्या आल्या. परदेशात कोळंबीला सोन्याचं मोल आलं आणि नवापुरात सगळंच महागलं. बोंबील वाळवणाऱ्या बाया तिप्पट मजुरीवर कोळंबी सोलायला गेल्या. समुद्रात बोंबील तेवढेच होते, दोरीवर टाकणारे हात महागले. डोंगरात मात्र तांदळाचा भाव होता तिथंच. मंगळीच्या भरल्या टोपलीला आता अर्धी टोपली बोंबील येऊ लागले.

सून सुगंधा म्हणाली, वाळवण मोडू, आपणही कोळंबी सोलू. गोदूबाईला पटत होतं नि पटत नव्हतं. त्या बाजारी मंगळीनं अर्धी टोपली पाहिली, पदराखाली झाकली. ते झाकणं गोदूबाईच्या जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात देवळात कीर्तन होतं. बुवांनी पोह्यांची पुरचुंडी लपवणारा सुदामा असा उभा केला, की गोदूबाईला समोर मंगळीचा पदर दिसला. टाळांच्या गजरात तिनं हात जोडले. देवा, द्वारका द्यायची माझी ऐपत नाय, टोपली तेवढी भरू दे.

पुढच्या बाजारी ती म्हणाली, "मंगळे, भात झोडून झाला की तुमी कामाला लांब जाता. यंदा माझ्याकडं या. बोंबील हायत, हात नायत."

"आमाला बोंबील खायचे म्हाईत, बाय. वाळवायचे नाय."

पण ती घरची चार माणसं घेऊन आली. पहिल्या दिवशी तिनं एकेक बोंबील गवतानं शेपटीला बांधला. वाऱ्यासरशी सगळे वाळूत. गाव हसलं. सुगंधाही हसली, पण जवळ बसून तिनंच दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर कशी टाकायची ते शिकवलं. महिन्याभरात मंगळीचा हात असा बसला, की जुन्या बाया थांबून बघत. माल वाढला, टोपली पुन्हा भरली.

पाच वर्षांनी परदेशातला भाव पडला, गाड्या येईनाशा झाल्या. गावातल्या बाकीच्यांचे वाळवणीचे बांबू कुजले होते; गोदूबाईचे उभे होते. सोलणाऱ्या बाया तिच्याच अंगणात परतल्या, आणि त्यांचा सवय मोडलेला हात पुन्हा बसवला तो मंगळीनं.

त्या साली वाणगावात गोदूबाईनं टोपलीवर मायेनं शीग चढवली. मंगळीनं वरचे बोंबील उचलून तिच्या पाटीत परत ठेवले.

"शीग नको, बाय. टोपलीस टोपली."