साधी सूज

"विज्ञानापासून काहीच लपून राहत नाही," असं गंभीरपणे म्हणत डॉक्टर लुओंनी पडद्यावर चित्र उघडलं. त्याआधी, ज्याचं ते चित्र होतं त्या माणसाला त्यांनी पाणी प्यायला बाहेर पाठवलं होतं आणि दार नीट लागलंय ना हे दोनदा पाहिलं होतं.

चित्रात एक करडा माणूस उताणा पडला होता. सकाळी त्याच्या शिरेत किरणोत्सारी औषध सोडलं होतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाची पेशी दिसली की ते तिला जाऊन चिकटतं आणि तेवढी जागा उजळते. ओटीपोटात खोल, पुढच्या बाजूला, शेंगदाण्याएवढा एक ठिपका पेटला होता.

"तुकडे काढायला वर्षभरात दोनदा बारा-बारा सुया घातल्यात," मुलगा शाओछिन म्हणाला. "दोन्ही वेळा म्हणालात, काही नाही."

"तेव्हा अंदाजानं घातल्या. सगळ्या मागच्या बाजूनं गेल्या. आता जागा कळली. परवा फक्त चार, थेट या ठिपक्यात."

चोवीसच्या जागी चार हे ऐकून शाओछिनला क्षणभर बरं वाटलं. मग त्याची नजर चित्रावरून खाली सरकली. कमरेच्या हाडात दोन ठिपके होते, कण्यात एक.

"आणि हे?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

"बाबांना सांगायचं नाही," शाओछिन म्हणाला. "माझ्या मामाला सांगितलं होतं. त्यानं त्याच दिवशी जेवण सोडलं. चाळीस दिवसांत आटोपला. आणि त्याचा कर्करोग तर बरा होण्यातला होता."

"मग सांगू काय?"

"सूज."

"सूज," डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांच्या विभागातले निम्मे रुग्ण सुजलेलेच होते. घरच्यांनी सही करायच्या कागदावर शाओछिननं सही केली.

बाहेर शाओछिनचे वडील, ओउयांग मुकादम, पाण्याची तिसरी बाटली संपवत बसले होते. हुनानच्या डोंगरांत एकतीस वर्षं सरकारी भूगर्भ पथकाची ड्रिल चालवलेला माणूस, बसला तरी पाय रोवून बसायचा. रात्रीपर्यंत लहान मुलांना जवळ घेऊ नका, असं नर्सनं त्यांना बजावलं होतं.

"तुझ्या पोरीला सांग, आज आजोबांना हात लावला की चटका बसतो," ते म्हणाले. "काय म्हणाला डॉक्टर?"

"सूज आहे बाबा. साधी."

"मिरच्या."

"मिरच्याच. आई कधीची ओरडतेय."

"तुझी आई चाळीस वर्षं ओरडतेय. एकदा तरी बरोबर निघायचीच."

दोन दिवसांनी मुकादम उताणे झोपले होते, दोन्ही पाय वर टांगून, कमरेवरून हिरवी चादर. तेवढा भाग बधिर केला होता. शाओछिन बाहेर होता. बाजूच्या पडद्यावर आतलं करडं चित्र हलत होतं आणि त्यावर तो उजळ ठिपका बरोबर जागेवर आणून बसवला होता. पडदा डॉक्टरांसाठी होता, पण मुकादमांनाही सरळ दिसत होता. तो त्यांच्याकडून वळवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

"आम्ही डोंगरात हेच करायचो," मुकादम म्हणाले. "युरेनियम शोधायला. खांद्यावर पेटी घेऊन फिरायचं. जिथे टिकटिक वाढेल तिथे भोक पाडायचं. एकदा वरून एक साहेब आला. पेटी न फिरवताच त्यानं बारा भोकं पाडायला लावली, रांगेत. निघाली माती. आठवडाभर हसलो आम्ही त्याला."

डॉक्टरांचा हात थांबला.

"तुमच्याबद्दल नाही बोलत हो. चालू द्या."

सुईचा खटका वाजला. पहिली.

"डॉक्टर, असं उजळायला नुसती सूज पुरते का?"

"काका, हलू नका."

"हलत नाहीये. आणखी कुठे उजळलंय?"

दुसरी.

"हाडात?"

"काका, मी तुमच्या मुलाला शब्द दिलाय की..."

"म्हणजे हाडात." मुकादमांनी छताकडे पाहिलं. "मग आता ही भोकं कशाला? कुठवर पसरलंय ते दिसतंय की तुम्हाला."

"तुकडा तपासल्याशिवाय औषध सुरू करता येत नाही. कोणत्या जातीचा आहे ते कळावं लागतं."

"बरोबर आहे. नमुना हातात आल्याशिवाय आम्हालाही नकाशावर खूण करू द्यायचे नाहीत."

तिसरी. चौथीच्या वेळी त्यांनी खाटेची कड धरली होती. बोटं पांढरी पडली होती. खोली फार गार ठेवता तुम्ही, असं ते म्हणाले.

डॉक्टरांनी चार तुकडे चार बाटल्यांत घातले. झाकणं लावली.

"मला कळलंय हे पोराला सांगू नका," मुकादम म्हणाले. "माझ्या मेव्हण्याला ते त्यानंच सांगितलं होतं. पोरगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मामाला खोटं कसं बोलायचं, म्हणाला. पुढे चाळीस दिवस रोज पेजेचा वाडगा घेऊन त्याच्या तोंडाशी बसायचा. एक घास नाही गेला. आपणच मारला असं वाटतं त्याला. अजून वाटतं."

"बरं," डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत एकाच घरातल्या दोघांना त्यांनी शब्द दिला होता, आणि दोन्ही पाळायला गप्प बसणं पुरेसं होतं.

दोन तास झोपवून ठेवून मुकादमांना सोडलं. दर वेळी शाओछिननं त्यांची टॅक्सीनं मागच्या फाटकातूनच ने-आण केली होती. आज टॅक्सी मिळेना. मुकादम पाय फाकून चालत, त्याला न विचारता, पुढच्या फाटकातून रस्त्यावर आले. बसथांब्याची पाटी नेमकी झाडाच्या फांदीआड होती. शाओछिन तरीही तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दुखतंय का बाबा?"

"सुजलेलं दुखणारच."

बस आली. दार उघडलं आणि भोंगा बोलायला लागला.

"बाबा!" शाओछिन एकदम ओरडला. "मासा घ्यायचा का? डोकं घेऊ की शेपटी?"

बसमधले लोक वळून बघायला लागले. मुकादमांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि भोंगा कधी थांबतो याकडे त्याचं लक्ष होतं.

"डोकं!" मुकादम त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. "डोकं घे! मोठं बघून घे! गेल्या वेळी मांजराला पुरेल एवढं आणलं होतंस!"

"तुम्हीच म्हणालात लहान घे!"

"मी कधी म्हणालो?"

भोंगा थांबेपर्यंत दोघं असेच ओरडत राहिले. मग मुकादम दांडा धरून हळूहळू वर चढले. एका बाईंनी उठून जागा दिली, पण त्यांना बसता येण्यासारखं नव्हतं.

त्या थांब्याचं नाव 'कर्करोग रुग्णालय' असं आहे. तिथे दर सहा मिनिटांनी बस येते आणि प्रत्येक बस ते दोनदा पुकारते: एकदा प्रमाण भाषेत, एकदा इथल्या बोलीत.