खिळा तेवढा राहू द्या

घरातली परातसुद्धा शालूबाईला विचारल्याशिवाय जागची हलत नसे. आणि देवानंदानं, तिच्या पोटच्या पोरानं, बैठकीतला बाबासाहेबांचा फोटो उतरवला, चादरीत गुंडाळला आणि दिवाणात ठेवला! तेही ती गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलेली पाहून. चोरासारखं.

"दलालच म्हणे, माय," तो मान खाली घालून म्हणाला. "फोटो पाहून गिऱ्हाईक दारातूनच वापस जाते. घर इकलं पाह्यजे ना?"

विकायला तर हवंच होतं. जळगाव जामोदचं हे घर गेलं की मलकापूरला देवानंदाच्या शेजारच्या दोन खोल्या शालूबाईच्या व्हायच्या होत्या. त्यांचा मालक दिवाळीपर्यंतच थांबणार होता. मग उरला असता सुनेच्या हॉलमधला सोफा, आणि चहा मागून प्यायची शालूबाईला सवय नव्हती. म्हणून त्या दिवशी ती जीभ चावून गप्प राहिली.

पण भिंत गप्प राहीना. तिच्या नवऱ्यानं, गुलाबरावांनी, नागपूरहून आणून टांगलेला तो फोटो कधी हललाच नव्हता. आजूबाजूचा रंग धुरानं काळवंडला, फोटोमागचा चौकोन मात्र पोपटी राहिला. देवानंदानं तिथं खताच्या दुकानाचं कॅलेंडर लावलं, तर ते आखूड पडलं. बापाच्या अंगात पोराचा सदरा घातल्यासारखं.

येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथंच जायची.

"इथं काय होतं?"

"घड्याळ," जीवन दलाल ठोकून द्यायचा.

"एवढं मोठं? ठेसनावरचं होतं का?"

मग कोणी भिंत वाजवून बघे, कोणी ओल शोधे. भिंतीतून जे सुटले ते आडनावाशी अडकले. आडनाव ऐकलं की त्यांचा चहा कपात अर्धा राहायचा. 'घरी विचारून सांगतो' म्हणून गेलेला एकही माणूस परत आला नाही.

अशोक विजयादशमी उजाडली, तशी शालूबाईची सहनशक्ती संपली. दीक्षेच्या दिवशी बाबासाहेब दिवाणात? तिनं देवानंदाला फोन लावला.

"फोटो दिवाणात ठेवला बे, आता आडनाव कोठं ठेवशीन?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही. दुखऱ्या गुडघ्यानं स्टुलावर चढली, फोटो जागेवर टांगला, काच पुसली, मेणबत्ती लावली आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या टाकल्या.

दुपारी दारात एसटीची खाकी वर्दी घातलेली बाई उभी. चपला बाहेर काढून आत आली.

"जयभीम, आजी. मी दीपमाला, डेपोत कंडक्टर हावो. घर इकाऊ हाये ना?" आणि कोणी 'बस' म्हणायच्या आतच ती बसली. "बसमधून रोज तुमची पाटी वाचतो. पण जाईन तिथं आधी आडनाव, मंग घर. म्हटलं, इथंबी काऊन तोंड कडू करून घ्यावं? आज दारातून फोटो दिसला, आन् आली."

तिनं भिंत वाजवली नाही. पाण्याचं तेवढं विचारलं.

"उन्हाळ्यात नळाचा भरवसा नाही, बाई," शालूबाईनं खरं ते सांगितलं.

"कोठं हाये, आजी?" ती हसली, आणि कप रिकामा करूनच उठली.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली आणि इसार देऊन गेली. जाताना म्हणाली, "फोटो तुमचा तुम्ही न्या. आमचा आमच्याजवळ हाये. खिळा तेवढा राहू द्या."

शालूबाई त्या संध्याकाळी ऐसपैस बसून चहा प्यायली. गुडघा दुखत असेलही, तिला आठवला नाही.

रविवारी देवानंद आला तो रंगाचा डबा आणि ब्रश घेऊनच. भिंत रंगवून तो चौकोन बुजवायचा त्याचा बेत होता. समोर फोटो पाहून तो उंबऱ्यातच थबकला. मग इसाराचं ऐकलं, आणि तो डबा खाली ठेवून त्याच्यावरच बसला.

"सुटलो, माय."

"मीबी सुटली," शालूबाई म्हणाली. "पण आयक, देवा. घर इकायची अक्कल तुले नाही. आपलं गिऱ्हाईक रोज दारावरून जात होतं, आन् तू त्याची खूणच झाकून बसला होता! ऊठ आता. हा डबा मलकापूरले ने, माह्या खोलीची भिंत रंगव. आन् पह्यला खिळा मी बोट दाखवीन तिथंच ठोक."