सोळाचे बत्तीस

मामांनी सहा वर्षांपूर्वी सर्व्हरमधली एक सेटिंग बंद केली होती. तेवढ्यावरून त्यांची नोकरी गेली. घालवली मी, त्यांच्या सख्ख्या भाच्यानं.

ती सेटिंग चालू असली की प्रोसेसरचा प्रत्येक कोअर, म्हणजे आकडेमोड करणारा भाग, एकाचे दोन असल्यासारखा वागतो. स्क्रीनवर सोळाचे बत्तीस दिसतात. किरकोळ कामांना फायदा होतो. आमचं काम मात्र बंदरांसाठी वाऱ्याचा अंदाज काढायचं, त्यात प्रत्येक कोअर आधीच घाईला आलेला. एका स्वयंपाक्याला दोन ओटे दिले म्हणून त्याला चार हात फुटत नाहीत. हे मला मामांनीच शिकवलं. नोकरीही त्यांनीच लावली, आणि माझ्यामुळे अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं.

नवे साहेब सोळाचा आकडा बघून उखडले. "अर्धं मशीन झोपवून ठेवलंय की काय यांनी? तू चालू कर आणि मोजून दाखव. मामांच्या जागी मला माणूस लागणारच आहे."

मी दोनदा मोजलं. किरकोळ कामं अठरा टक्के जास्त वेगानं झाली. अंदाजाला मात्र तीन तास चाळीस मिनिटांऐवजी चार तास दहा मिनिटं लागली. मीटिंगमध्ये मी फक्त किरकोळ कामांच्या आकड्यांचा कागद पुढे केला.

"म्हणजे सहा वर्षं हा वेग वाया गेला?" साहेबांनी विचारलं.

"हो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारणार असं वाटलं, पण ते गप्प बसले. महिनाअखेरीस त्यांना घरी बसवलं.

त्यांच्या खुर्चीत मी बसलो आणि अंदाज रोज अर्धा तास उशिरा जायला लागला. बंदरांचे फोन, शिव्या. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर रीस्टार्ट करून मी सेटिंग गुपचूप बंद केली. अंदाज वेळेत गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मामांकडे गेलो. मामी पाण्याचा पेला ठेवून आत गेली.

"आज अंदाज वेळेवर आला, बंदराच्या साइटवर पाहिलं मी," मामा म्हणाले. "बंद केलीस ना? तेव्हा अंदाजाचा पूर्ण भार देऊन मोजायचं राहिलं होतं तुझं."

"मोजलं होतं, मामा."



"मला वाटलं, विसरलास," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर विचारलं असतं तर तुझं हसं झालं असतं. म्हणून गप्प बसलो."