टेंभरे मॅडमची सही

अधिष्ठातापदाचा राजीनामा मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून टेंभरे मॅडमची सही त्यांच्या आधी कार्यालयात येऊ लागली. मॅडम दहाला पोचत, तोवर ती टेबलावरच्या सगळ्या फायलींवर होऊन गेलेली असे. शेवटच्या ‘रे’ची शेपटी तशीच लांबलचक, खाली तारीख, शाई ओली.

पहिल्या दिवशी त्यांना बरंच वाटलं. सहा वर्षं सह्या करून मनगट कामातून गेलं होतं, आणि मन तर केव्हाच वनस्पतिशास्त्र विभागात जाऊन बसलं होतं. सोमवारी अकराला त्यांचा पहिला तास होता, शेवाळांवर. इतक्या वर्षांत खडू हातात धरला नव्हता, म्हणून बाई घरी चक्क कपाटाच्या दारावर लिहून सराव करत होत्या. असा आनंद त्यांना अधिष्ठाता होतानाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी तीनदा परत पाठवलेल्या एका फायलीवर सहीने ‘मान्य’ असा शेरा मारला होता. अक्षर त्यांचंच, फक्त अंमळ जास्त ठाम.

पहिला संशय कार्यालय अधीक्षक डोईफोडे यांच्यावर. दौऱ्यावर जाताना कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून त्यांच्याकडे ठेवायच्या, ही पद्धत मॅडमनीच पाडली होती, कामं अडू नयेत म्हणून. त्यांनी कपाट उघडायला लावलं. डोईफोड्यांनी गठ्ठा काढून पुढे ठेवला. सगळे कागद जागच्या जागी होते, पण एकावरही सही नव्हती.

“यावरच्या सह्या कुठे आहेत?”

“कामावर गेल्यात, मॅडम.” डोईफोडे चष्मा पुसत राहिले.

मॅडमनी पेन उचललं आणि त्यातल्याच एका कागदावर सही केली. काही उमटलं नाही. त्याच पेनाने डोईफोड्यांनी कँटीनला तीन चहाची चिठ्ठी लिहिली, ती झकास उमटली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते आपल्याच पायाखाली, असं मॅडमना वाटू लागलं.

सोमवारी सव्वादहाला नवे अधिष्ठाता डॉ. घोडेस्वार पदभार घ्यायला आले. रिवाजाप्रमाणे त्यांनी कागदावर तीनदा नमुना सही करायची आणि ती खरी असल्याचं जाणाऱ्याने सही करून सांगायचं. घोडेस्वारांनी तीनदा सही केली. तिन्ही वेळा ‘मं. टेंभरे’ असंच उमटलं, शेपटीसकट.

“ही माझी सही आहे,” मॅडम म्हणाल्या.

“जमतेय हळूहळू,” घोडेस्वार म्हणाले. त्यांना यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

मॅडमनी घोडेस्वारांकडे आणि बाजूला उभ्या डोईफोड्यांकडे आळीपाळीने पाहिलं. यांचं आधीच ठरलंय, हे त्यांना पटलं. घड्याळात पावणेअकरा झाले होते आणि पोरं वर्गात येऊन बसली असणार. त्यांना रडू यायच्या बेतात होतं.

“डोईफोडे, मला हे पद नको. अकराला तास आहे. सोडा मला.”

“पदभार सोडल्याच्या कागदावर सही नाही तर कसं सोडणार, मॅडम? तुम्हीच कुणाला सोडलं नसतं.” मग खण उघडत ते म्हणाले, “सही येत नसेल त्याचा अंगठा चालतो.”

त्यांनी स्टॅम्पपॅड उघडून पुढे सरकवलं. सहीसाठी दारात ताटकळलेल्या दोन पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या देखत मॅडम लाजेने लाल झाल्या, पण तास चुकवायचा नव्हता. त्यांनी अंगठा पॅडवर दाबला.

“अंगठ्याखाली ओळख पटवणाऱ्या अधिकाऱ्याची सही लागते,” डोईफोडे म्हणाले.

“कोण अधिकारी?”

“अधिष्ठाता.”

मॅडमनी अंगठा कागदावर टेकवला आणि उचलला. निळा ठसा स्वच्छ उमटला होता. त्याच्याखाली, कुणीही पेन न लावता, त्यांच्याच ठाम अक्षरात शेरा उमटत गेला: ‘सदर व्यक्तीस मी ओळखत नाही.’ मग सही आली आणि शेपटी कागदाच्या कडेपर्यंत गेली.

डोईफोड्यांनी शेरा वाचला आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

“अहो बाई,” ते समजुतीने म्हणाले, “मॅडम कामात आहेत. बाहेर बाकावर बसा, बोलावतील.”

त्या बाहेर जाऊन बसल्या. पलीकडच्या इमारतीत अकराची घंटा झाली. साडीला डाग पडू नये म्हणून त्यांनी निळा अंगठा वर धरून ठेवला होता.