हळदीत रंगवलेले डोके

मित्रांनो, तारापूरजवळ मच्छीमारांच्या आळीत, एका भाड्याच्या खोलीत अंथरलेला लोकरीचा गालिचा मी. माझ्याकडे फार निरखून पाहू नका, मला लाज वाटते.

रत्नाबाई माणदेशातल्या घोंगड्या विणणाऱ्या घरातली. नवऱ्याला बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा तिने मागही सोबत आणला. त्यावर तिने मला विणले. लाल रंग मंजिष्ठेचा, निळा निळीचा आणि पिवळा डाळिंबाच्या सालींचा. मधोमध दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी. पण दुसऱ्या डोक्याच्या वेळी पिवळी लोकर संपली आणि साली कुठे मिळेनात. शेजारच्या जमनाच्या लेकीचा, हेमालीचा साखरपुडा दोन दिवसांवर आलेला. मला तिथे अंथरायचे रत्नाबाईने कबूल केले होते. तिने पांढरी लोकर हळदीत बुडवली आणि काम उरकले. "रंग एकदम पक्का हाय बरं," असे सांगून तिने मला जमनाकडे दिले.

साखरपुड्यात वैतरण्याहून आलेल्या पाहुण्यांनी माझे कौतुक केले. मी किती फुगलो होतो!

परत देण्याआधी जमनाने मला साबणाने धुतले आणि बोंबील वाळवायच्या बांबूंवर उन्हात टाकले. हळदीचे डोके आधी तांबडे झाले, मग पार उडाले. दुसरे मात्र पिवळेधमक राहिले.

"बाय, माज्या हातून तुजा पक्षी बिघडला," जमना रडत म्हणाली.

रत्नाबाईला सारे कळले होते. तरी ती म्हणाली, "असू दे. माफ केलं तुला." आळीभर तिच्या मोठ्या मनाची वाहवा झाली. मला तेव्हा जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

त्यानंतर जमना मासे द्यायला यायची, पण माझ्यावर बसायची नाही. उंबऱ्याशी फरशीवर टेकायची. एकदा तिची नात चिमी माझ्यावर लोळू लागली, तर जमनाने तिला दंड धरून ओढले. "उठ! आपल्याला कोणाची वस्तू धड ठेवता येत नाय."

रत्नाबाईला ते सोसवले नाही. "तिला ओढू नगंस, जमना. ते डोकं मी हळदीत रंगवलं व्हतं. चूक माझी हाय."

जमनाने चिमीचा दंड सोडला. मग तिने विचारले, "मंग तू मना माफी कशाची दिली?"

जमनाने टोपली उचलली, चिमीचा हात धरला आणि ती गेली. अजून आलेली नाही.

मित्रांनो, लोकरीला साबण लावू नका, कडक उन्हात टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती आहे. चूक आपली असेल, तेव्हा समोरच्याला माफ करू नका.