हिमोग्लोबिनची गोळी

“मी तुझी मनवा. सांग आता,” विठोबा कोळी म्हणाले आणि गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या मुलीसारखे बसले.

अडुसष्ट वर्षांचा, पांढऱ्या गलमिशांचा माणूस तेरा वर्षांची मुलगी होऊन समोर बसलेला पाहून एरवी शेवंतीला हसू फुटलं असतं. आज ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. परळच्या एका म्युनिसिपल शाळेतला चौथीचा वर्ग होता तो. महिन्यातले दोन रविवार तिथे माणसं जमत. व्हरांड्यापलीकडच्या वर्गात मुलं, या वर्गात त्यांना सांभाळणारे. कुणाची आई, कुणाचा मामा. विठोबा नातवासाठी शीवहून येत, शेवंती दिराच्या मुलीसाठी, मनवासाठी, लालबागहून. मनवाला अजून काही ठाऊक नव्हतं, म्हणून शेवंती एकटीच यायची. मुलं सगळी दहा ते पंधरा वर्षांची आणि जन्मतःच एचआयव्ही घेऊन आलेली. मोठं होताना काय काय पेलावं लागेल, ते त्यांना तिकडे शिकवत. आणि मुलांशी बोलायचं कसं, हे मोठ्यांना इकडे.

“मनू,” शेवंतीनं सुरुवात केली, “तुझ्या रक्तात...”

“काय आहे माझ्या रक्तात?”

“हिमोग्लोबिन कमी आहे.”

विठोबांनी मान हलवली. “बाय, हे तर तू आठ वर्षं सांगतेस. मी पण नातवाला शक्तीची गोळी म्हणून सांगायचो. परवा सांगून टाकलं खरं. हातपाय थरथरले, पण मेलो नाय मी.”

आठ वर्षं. दीर आणि जाऊ सहा महिन्यांच्या अंतरानं गेले, तेव्हा पाच वर्षांची मनवा शेवंतीच्या पदरात आली. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. दादरच्या एका पोळी-भाजी केंद्रात शेवंती पहाटेपासून तीनशे पोळ्या लाटायची. निघण्यापूर्वी वाटीत गोळी काढून ठेवायची, मनवा उठली की घ्यायची. त्यात कधी खंड पडला नाही, अशी शेवंतीची खात्री होती.

मग मागच्या महिन्यात रिपोर्ट आला. चार वर्षं रक्तात मोजूनही न सापडणारे विषाणू हजारांच्या घरात गेले होते. औषध केंद्रातल्या समुपदेशक प्रितीनं डबीतल्या गोळ्या मोजल्या. गोळ्यांचा हिशेब चोख होता. तेव्हा मनवाच बोलली.

“मोरीत टाकते मी. दोन महिने झाले.”

“काय?” शेवंती खुर्चीतून उठलीच.

“मला काही झालेलंच नाहीये. खो-खोत सगळ्यांत जास्त वेळ मीच टिकते. मग रोज कशाला खायची?”

शेवंतीचा हात वर गेला होता. प्रितीनं तो हलकेच धरून खाली घेतला. मनवाला बाहेर बसायला सांगून ती म्हणाली, “प्रश्न बरोबर आहे तिचा, काकू. उत्तर द्यायला हवं. मी सांगू शकते. पण तुमच्या तोंडून ऐकलं, तर ती जास्त विश्वास ठेवेल.”

म्हणून हा रविवार आणि म्हणून हे विठोबा. शेवंतीनं चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी तो शब्द तिच्या तोंडून निघाला, पुटपुटल्यासारखा. विठोबांनी कानामागे हात धरला. “मुलगी बहिरी आहे, असं समज.” तेव्हा मात्र सगळा वर्ग हसला, आणि शेवंतीनं तो शब्द खणखणीत उच्चारला.

बुधवारी तिची सुट्टी असायची. मनवा शाळेतून आली, जेवली आणि दोघी मोरीपाशी तिसऱ्यांच्या शिंपल्या उघडायला बसल्या. शेवंतीनं विळी पायाखाली घेतली. हातात काम असलं की तिला बोलायला सोपं जायचं.

“मनू, तुझ्या गोळीचं मी खोटं सांगितलं गो. ती हिमोग्लोबिनची नाही.”

“मग?”

“एचआयव्हीची आहे. तुझ्या रक्तात एचआयव्ही आहे. जन्मापासून.”

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मनवाच्या हातातली शिंपली तशीच राहिली.

“आई-बाबांना तेच होतं?”

“हो.”

“म्हणून गेले?”

“त्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता. औषध सुरू झालं, पण अंगात काही उरलंच नव्हतं. तुझं वेळेवर सुरू झालं. गोळी चुकवली नाहीस, तर शिकशील, नोकरी करशील, मनात आलं तर लग्न करशील. माझ्यासारखी म्हातारी होशील. तुका काय होवचा नाय.”

“आईनं दिलं मला?”

हा प्रश्न विठोबांनी विचारला नव्हता. शेवंतीनं विळी बाजूला सारली.

“तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक झालं, तेव्हा तू दीड वर्षांची होतीस. पहिल्यांदा तुझ्याच औषधाला पळाली ती. स्वतःचं नंतर.”

मनवानं हातातली शिंपली टोपात टाकली. मग म्हणाली, “आणि तू? तू का नाही सांगितलंस?”

तू लहान होतीस, हे उत्तर शेवंतीच्या ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं.

“घाबरले. तू शाळेत बोलशील, चाळीत कळेल, केंद्रात माझ्या हातची पोळी कुणी खाणार नाही. तुझ्यासाठी लपवते, असं मी मनाला सांगायचे. पण माझ्यासाठीपण लपवत होते.”

मनवानं हात धुतले आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिसऱ्यांचं सुकं झालं, पण ते दोघींनीही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेवंती वाटी घेऊन फळीपाशी गेली, तर मनवा अंथरुणात उठून बसलेली.

“वाटीत ठेवू नकोस. डबी माझ्याकडे दे.”

एवढंच बोलली. पुढचे आठ दिवस हो आणि नाही यापलीकडे काही नाही. घरात दोनच माणसं आणि त्यातलं एक मुकं. शेवंतीच्या पोळ्या त्या आठवड्यात जाड झाल्या. केंद्राच्या मालकीण किर्तीताईंनी दोनदा हटकलं. डबी उघडून गोळ्या मोजाव्यात, असं शेवंतीला रोज वाटायचं. रोज ती मनवाच्या उशापर्यंत जायची आणि परत फिरायची.

पुढच्या वर्गाच्या रविवारी मनवा पहिल्यांदाच बरोबर गेली. मुलांचा वर्ग सुटला, तेव्हा मनवा रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर आली. रस्त्यात तिनं शेवंतीचा हात धरला नाही, पण शेजारून चालली. भारतमाता सिनेमापाशी आल्यावर म्हणाली, “आमच्यात एक ताई आली होती. अपेक्षाताई. तिलापण जन्मापासून आहे. ती नर्सिंगला आहे.” मग थोडं पुढे जाऊन, “भूक लागलीय. वडा घेऊया?” शेवंतीनं दोन घेतले. मनवानं दोन्ही खाल्ले, आणि ते पाहून शेवंतीचं पोट भरलं.

महिन्याभरानं मनवाची जिल्ह्याच्या खो-खो संघात निवड झाली. सामने साताऱ्याला, चार दिवस, मुक्काम एका शाळेत. शेवंतीनं ऐकताक्षणी नाही म्हटलं.

“का?”

“का म्हणजे? बारा मुली एका खोलीत. कुणी बघितलं तर? खेळाच्या बाईंना आधी सांगून ठेवायला हवं.”

“सक्ती नाहीये. प्रितीताईंनी सांगितलंय. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते मी ठरवणार. माझं आहे ते.” मनवा शांतपणे बोलत होती. “आणि आत्ता मी नाही सांगणार. लाज वाटते म्हणून नाही. सगळ्यांना कळायची गरज नाही म्हणून.”

शेवंती तिच्याकडे बघत राहिली. हे बोलणं कधी आलं हिच्यात? तिनं फळीवरून जुनी हातपिशवी काढली आणि फडक्यानं पुसायला घेतली. होकार द्यायची तिची हीच रीत होती.

ते चार दिवस शेवंतीनं कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. सकाळी सहाला, मनवाच्या गोळीच्या वेळी, हात फोनकडे जायचा. तेव्हा ती मुद्दाम पोळीचे दोन उंडे जास्त घ्यायची आणि कणकेत हात घालून ठेवायची. फोन तिनं एकदाही केला नाही.

पाचव्या दिवशी मनवा आली ती गुडघे सोलवटून आणि गळ्यात पदक घालून. अंतिम सामन्यात ती पावणेचार मिनिटं कुणाच्या हाती लागली नव्हती. सगळा सामना तिनं जमिनीवर खुणा करून दाखवला. शेवटी, सहज आठवल्यासारखं म्हणाली, “एका मुलीनं विचारलं, कसली गोळी घेतेस म्हणून.”

शेवंती पुढे सरकली. “मग?”

“म्हटलं, माझी रोजची आहे. तू रोज दात घासतेस, ते मी विचारते का? ती हसली. मग आम्ही पोहे खायला गेलो.”

त्यानंतर दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. शेवंती किर्तीताईंना सांगून लवकर सुटली आणि मनवाबरोबर परळला गेली. औषध केंद्राच्या दारापाशी मनवा थांबली.

“तू बाहेर बस. मी जाते.”

शेवंती बाकावर बसली. शेजारी एक तरुण बाई तान्ह्या मुलाला थोपटत होती. आत नाव पुकारलं गेलं, “मनवा परब,” आणि मनवानं दिलेली “ओ” शेवंतीला बाहेर ऐकू आली. मग बराच वेळ नुसते पंखे फिरत राहिले.

मनवा बाहेर आली. एका हातात नवी डबी, दुसऱ्या हातात कागद.

“सापडत नाही,” ती म्हणाली. “मोजून सापडत नाही. प्रितीताईंनी मला दोनदा वाचायला लावलं.”

शेवंतीनं कागद घेतला. तिला वाचता आला नाही, डोळ्यांत पाणी दाटलं होतं. तिनं तो सरळ घडी घालून परत दिला.

“पुढच्या वेळी तू येऊ नकोस,” मनवा म्हणाली. “तुझं काम बुडतं. माझी मी येईन.”

“बरं.”

दोघी फाटकाबाहेर आल्या. दुपारची वेळ, रस्ता वाहनांनी भरलेला. मनवाला खो-खोच्या सरावाला जायचं होतं. तिनं एक हात उंच करून येणाऱ्या टॅक्सीला थांबायची खूण केली, दुसऱ्या हातानं दप्तर धरलं आणि झपाझप पलीकडे गेली. पलीकडून वळून हसली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

रस्ता ओलांडताना तिला धरायला शेवंतीचा हात पुढे गेला होता. तो तसाच अधांतरी होता. शेवंतीनं तो मागे घेतला, पदर नीट खोवला आणि सावकाश घराकडे चालू लागली.