कॉइलची जागा

पोलिसांनी दुसरी बॅटरी जोडून बटण दाबलं आणि वेदांतची बाइक लगेच सुरू झाली. मागचा भाग चेपला होता, पण इंजिन शाबूत होतं. त्यावरून त्यांनी ठरवलं, की बाइकमध्ये दोष नव्हता. हायवेच्या मधल्या लेनमध्ये वेदांतनेच ती थांबवली आणि मागून ट्रक आला.

त्याच्या मोबाइलवर त्याच वेळचा आईचा मिस्ड कॉल होता.

वेदांतचे वडील, दिगंबरकाका, नागपूरहून आले. अंत्यविधी झाल्यावर ते नेपरव्हिलला राहिले, माझे दोघे मित्र, वेदांत आणि नरेंद्र, राहायचे त्याच भाड्याच्या घरात. रविवारी सकाळी मी शिकागोहून ट्रेनने तिथे गेले. काका किचनच्या टेबलाशी बसले होते. नरेंद्र सिंकपाशी कप धूत होता.

"मालिनी जेवत नाही," काका म्हणाले. "म्हणते, मी फोन केला, तो घ्यायला पोरगा थांबला. आश्लेषा, तू सायन्सवाली ना? बंद पडलेली गाडी नंतर आपोआप सुरू होते का गं?"

"होते काका. थंड झाल्यावर."

नरेंद्र तोच कप पुन्हा धुवायला लागला.

मी गॅरेजमध्ये गेले. बाइक मूळची जुनी, दोन सिलिंडरची. वेदांत आणि नरेंद्रने फ्रेम कापून, नवी निमुळती टाकी बसवून ती स्वतः घडवली होती. जुन्या रुंद टाकीखाली, पुढे, वाऱ्यात, इग्निशन कॉइलची जागा होती. बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टेजमधून प्लगमध्ये ठिणगी पडेल इतकं व्होल्टेज ही कॉइल तयार करते, आणि इथे दोन्ही सिलिंडरना मिळून ती एकच होती. नव्या टाकीखाली ती मावेना, म्हणून ती इंजिनच्या हेडवरच, म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या वरच्या भागावर, एका पट्टीने बसवली होती. प्लगपर्यंतच्या वायरी जेमतेम वीतभर. दिसायला अगदी नेटकं काम.

मी कॉइल सोडवली आणि किचनमध्ये आणली. टोस्टर ओव्हनमध्ये ठेवली, वायरी दाराच्या फटीतून बाहेर काढून तारेचा रोध मोजणाऱ्या मीटरला जोडल्या. उष्णता मंदच ठेवली. वाहतूक तुंबली, वारा थांबला, की हेडवर त्याहून कमी तापत नाही.

"हे काय शिजवतेस?" काकांनी विचारलं.

"कॉइलच्या आतली तार तपासतेय."

आकडा सावकाश चढत गेला. तांब्याची तार तापली, की तसं होतंच. मग तो एकदम नाहीसा झाला. आत कुठेतरी तार तुटलेली होती, आणि गरम झाल्यावर तिची टोकं एकमेकांपासून सुटत होती. मी कॉइल बाहेर काढून टेबलफॅनसमोर धरली. काही वेळाने आकडा परत आला. एकदा घडलेल्यावर माझा विश्वास बसत नाही, म्हणून पुन्हा तापवली. पुन्हा तेच.

"म्हणजे?" काका उठून उभे राहिले होते.

"त्याने थांबवली नाही, काका. बंद पडली. त्या शुक्रवारी रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या खोळंबल्या होत्या. तिथे कॉइल तापली. पुढे रस्ता मोकळा झाला, सगळे वेगात निघाले, आणि वाऱ्याने ती थंड व्हायच्या आतच ठिणगी गेली. पोलिसांनी सुरू केली तोवर ती थंड झाली होती."

काकांनी कॉइल हातात घेतली. अजून कोमट असावी.

"ही इंजिनवर कोणी लावली?"

नरेंद्रने नळ बंद केला.

"मी," नरेंद्र म्हणाला. "वेदांत म्हणत होता, सीटखाली लावू. मी म्हटलं, वायर लांब जाते, लॉस होतो. कागदावर कॅल्क्युलेट करून दाखवलं त्याला. तो म्हणाला, नऱ्या, तू माझ्या बाइकवर पीएचडी कर, मी तोवर चालवतो."

"आणि उष्णता?"

"ती धरलीच नाही, काका. टेस्ट राइड आम्ही इथल्या इथे, घराभोवती मारल्या. कधी बंद पडली नाही."

"मग आठवडाभर गप्प का होतास?"

"पोलिसांनी सांगितलं ना, इंजिन ठीक आहे. मला वाटलं... मला तेच हवं होतं."

काकांनी कॉइल टेबलावर ठेवली. मला वाटलं, मारतील. पण त्यांनी खिशातून कॉलिंग कार्ड काढलं आणि भिंतीवरच्या फोनवरून नागपूरचा नंबर लावला.

"मालू, ऐक. तुझ्या फोनमुळे नाही. गाडी बंद पडली होती. होय, पक्कं. आश्लेषाने तपासलं." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. "अगं, मी का खोटं बोलू? समजूत नाही घालत तुझी... नाही गं... मालू..."

त्यांनी रिसीव्हर छातीशी धरला.

"तिला खरं वाटत नाही," ते म्हणाले. "म्हणते, मला जेवायला घालायला रचताय."

मी हात पुढे केला. मला सगळं नीट, क्रमाने सांगता आलं असतं.

"तू नको," काका म्हणाले. "तुझंही ती तसंच समजेल." त्यांनी रिसीव्हर नरेंद्रसमोर धरला. "तू सांग. मघाशी सांगितलंस तसंच. कोणी लावली, तिथपासून."

नरेंद्रने ओले हात पँटला पुसले. रिसीव्हर घेतला. पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू येत होता, हॅलो, हॅलो, कोण बोलतंय.

"काकू, मी नरेंद्र," तो म्हणाला.